विजयदुर्गापुढचं चौथं जहाज

१२ फेब्रुवारी १७५६ रोजी दुपारी विजयदुर्गाच्या उत्तरेला, वाघोटन खाडीच्या मुखात, इंग्रजी आरमारानं तोफा डागायला सुरुवात केली. ॲडमिरल चार्ल्स वॉटसनच्या हाताखाली इंग्लंडच्या राजाची चार मोठी लढाऊ जहाजं होती : केंट, कम्बरलंड, टायगर आणि सॅलिसबरी. सोबत ब्रिजवॉटर आणि किंगफिशर ही लहान जहाजं, ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई आरमारातलं कमोडोर विल्यम जेम्सचं प्रोटेक्टर, आणि उखळी तोफा लादलेली काही गलबतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तुळाजी आंग्र्यांचा किल्ला पडला.

हा प्रसंग मराठी वाचकाला नवा नाही. त्यावर भरपूर लिहिलं गेलंय, वादही झालेत. पण या जहाजांच्या यादीतलं चौथं नाव मला काही वर्षांपूर्वी अडकवून बसलं. कारण ते मी आधी भलत्याच पुस्तकात वाचलं होतं. ते पुस्तक युद्धाचं नव्हतं, वैद्यकाच्या इतिहासाचं होतं. २० मे १७४७ रोजी जेम्स लिंड नावाच्या एका स्कॉटिश शल्यवैद्यानं जहाजावरच्या बारा आजारी खलाशांवर सहा वेगवेगळे उपचार करून पाहिले आणि त्यांची आपापसात तुलना केली. औषध खरोखर लागू पडतं की नाही, हे तुलनेनं तपासण्याच्या पद्धतीतला हा पहिल्या काही प्रयोगांपैकी एक मानला जातो. २० मे हा दिवस आज जगभर वैद्यकीय चाचण्यांचा दिवस म्हणून पाळतात. तो प्रयोग झाला त्या जहाजाचं नाव सॅलिसबरी.

इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. दिवसभर हिशेबाच्या वह्या बघणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग, आणि रात्री जुनी पुस्तकं वाचणं हा नाद. हिशेबनिसाला एक सवय लागलेली असते. दोन वह्यांत एकच नाव दिसलं, की तो माणूस एकच आहे का, हे आधी तपासायचं. इंग्रजांच्या आरमारात तर ही शंका घ्यायलाच हवी. तिथं एक जहाज बुडालं किंवा मोडीत निघालं, की त्याचं नाव नव्या जहाजाला देतात. सॅलिसबरी नावाची जहाजं याच्या आधीही होती आणि नंतरही झाली.

इथं मात्र जुळणी सरळ लागते. लिंड ज्यावर होता ती सॅलिसबरी १७४६च्या जानेवारीत पाण्यात उतरली. याच नावाचं पुढचं जहाज बांधून झालं ते १७६९ साली. मधल्या तेवीस वर्षांत राजाच्या आरमारात ५० तोफांची सॅलिसबरी एकच. लिंबांचं जहाज ते हेच आणि विजयदुर्गावर तोफा डागणारं जहाज तेही हेच. त्याचा शेवट कुठं झाला, हे पाहिल्यावर तर मी थोडा वेळ पुस्तक मिटूनच बसलो. १७६१ साली त्याला निकामी ठरवलं गेलं ते मुंबईत.

वैद्यकाच्या इतिहासकारांना विजयदुर्गाशी कर्तव्य नाही आणि मराठी आरमाराच्या अभ्यासकांना लिंबांशी. त्यामुळे या जहाजाची गोष्ट दोन ठिकाणी अर्धी अर्धी पडून राहिली आहे. ती सलग सांगायची, एवढाच या लेखाचा उद्देश.

जहाज

इंग्लंडच्या दक्षिणेला वाइट नावाचं बेट आहे. तिथल्या ईस्ट काउज या गावी फिलेमन एवर या कारागिराच्या गोदीत सॅलिसबरी बांधली गेली. तोफांच्या खालच्या मजल्याची लांबी १४० फूट, रुंदी सुमारे ४० फूट. खालच्या मजल्यावर २४ पौंडी गोळा फेकणाऱ्या २२ तोफा, वरच्या मजल्यावर १२ पौंडी २२, आणि उरलेल्या सहा हलक्या तोफा मागच्या व पुढच्या उघड्या भागावर. एकूण ५०. युरोपातल्या लढाईच्या रांगेत हे जहाज धाकट्या भावंडांत मोडायचं. ७० आणि ९० तोफांची जहाजं त्याच्या पुढं असायची. पण दूरच्या समुद्रांत अशी जहाजं फार उपयोगी पडायची, कारण तिथं गाठ पडायची ती बहुधा त्याहून लहान जहाजांशीच.

१४० फूट म्हणजे किती? आपल्याकडच्या एखाद्या मध्यम मंगल कार्यालयाची लांबी. तेवढ्या जागेत साडेतीनशे माणसं महिनोन्‌महिने राहत. तोफांच्या मधल्या जागेत झोळ्या टांगून झोपत. खायला खारवलेलं गोमांस किंवा डुकराचं मांस, वाळवलेले वाटाणे, ओटचं पीठ, चीज, लोणी आणि दगडासारखी कडक बिस्किटं. प्यायला बिअर आणि पिंपातलं शिळं पाणी. पोटभर खायला मिळे, हे खरं. इंग्लंडातल्या गरीब शेतमजुराला रोज मांस मिळत नसे, खलाशाला आठवड्यातून चार दिवस मिळे. पण त्यात ताजं, हिरवं, आंबट असं काहीच नसे.

त्या न मिळणाऱ्या वस्तूचा परिणाम पाच-सहा आठवड्यांत दिसू लागे. आधी अंगात आळस भरे. मग हिरड्या सुजत, त्यांतून रक्त येई, दात हलू लागत. पायांवर काळेनिळे डाग उठत, गुडघे आखडत. वर्षांपूर्वी भरलेल्या जखमा पुन्हा उघडत. शेवटी नुसतं उठून उभं राहण्याच्या श्रमानं माणूस कोसळून मरे. हाच स्कर्व्ही. शाळेच्या पुस्तकात आपण तो ‘क जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग’ म्हणून पाठ करतो. तेव्हा मात्र कुणी त्याला दमट हवेचा रोग म्हणे, कुणी मिठाचा, तर कुणी आळसाचा.

आळस म्हणणाऱ्यांचं तोंड बंद व्हावं, अशी एक घटना नुकतीच घडली होती. १७४०मध्ये कमोडोर जॉर्ज ॲन्सन स्पेनच्या मुलखावर स्वारी करायला सुमारे १९०० माणसं घेऊन निघाला. पृथ्वीला वळसा घालून १७४४मध्ये तो परतला तेव्हा चौदाशेच्या आसपास माणसं मेलेली होती. लढाईत मेलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी सारे रोगानं, आणि त्यांतले बहुतेक स्कर्व्हीनं. ॲन्सननं आणलेल्या स्पॅनिश खजिन्याची लंडनमधून मिरवणूक निघाली.

बारा माणसं

जेम्स लिंड १७१६ साली एडिंबरोत जन्मला. १७३९मध्ये तो आरमारात शल्यवैद्याचा मदतनीस म्हणून दाखल झाला आणि सॅलिसबरीवर मुख्य शल्यवैद्य झाला. जहाजाचा कप्तान होता जॉर्ज एजकम. फ्रान्सशी युद्ध चालू होतं आणि सॅलिसबरी बिस्केच्या उपसागरापासून इंग्लंडच्या किनाऱ्यापर्यंत गस्त घालत होती. दहा आठवड्यांच्या एका फेरीत साडेतीनशेपैकी ऐंशी माणसं स्कर्व्हीनं आडवी झाली.

अशाच एका फेरीत, १७४७च्या मे महिन्यात, लिंडनं बारा रोगी निवडले. त्यांची लक्षणं त्याला शक्य तितकी सारखी होती : सडलेल्या हिरड्या, अंगावर डाग, थकवा, गुडघ्यांत दुबळेपणा. सगळ्यांना जहाजाच्या पुढच्या भागात एकाच ठिकाणी ठेवलं. सगळ्यांना जेवण एकच : सकाळी साखर घातलेली पेज, दुपारी बऱ्याचदा मटणाचा ताजा रस्सा, एरवी खीर किंवा साखरेत उकडलेलं बिस्किट, रात्री सातू-मनुका, भात-बेदाणे किंवा साबुदाणा. मटणाचा रस्सा कप्तानाच्या औदार्यामुळे मिळाला, हे लिंडनं आवर्जून नोंदवलंय.

मग दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या. पहिल्या जोडीला रोज सुमारे लिटरभर सायडर, म्हणजे सफरचंदाची हलकी दारू. दुसरीला पाण्यात मिसळलेल्या गंधकाम्लाच्या अर्काचे २५ थेंब, दिवसातून तीनदा. तिसरीला दोन दोन चमचे शिर्का, तीनदा. चौथीला रोज अर्धा पाइंट समुद्राचं पाणी. पाचवीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. सहावीला लसूण, मोहरी, एक तिखट मुळी, बाल्सम आणि हिराबोळ यांचा अवलेह, जायफळाएवढा, तीन वेळा.

यांतली फक्त लिंबं-संत्री लिंडच्या डोक्यातून आली, असं समजण्याचं कारण नाही. या सहाही गोष्टींना त्या काळी कुणी ना कुणी स्कर्व्हीवरचं औषध म्हणून नावाजलेलं होतं. आरमाराची अधिकृत पसंती गंधकाम्लाच्या अर्काला होती. सर्वांत वाईट अवस्थेतल्या दोघांना, ज्यांची पायांची शीर आखडून दगड झाली होती, लिंडनं समुद्राचं पाणी दिलं. यातून मला तरी असं दिसतं, की त्याचा स्वतःचा कौल आधीपासून लिंबांकडे झुकलेला नव्हता. तसा असता, तर सर्वांत गंभीर रोग्यांना त्यानं तेच दिलं असतं.

लिंबं-संत्र्यांचा साठा सहा दिवसांत संपला. सहाव्या दिवशी त्या जोडीतला एक जण कामावर परतण्याजोगा झाला. दुसरा इतका सुधारला, की उरलेल्या रोग्यांची शुश्रूषा करायला लिंडनं त्यालाच नेमलं. सायडर पिणाऱ्यांना थोडा आराम पडला. बाकी चार जोड्यांत सांगण्यासारखा फरक पडला नाही.

त्या बारा जणांची नावं लिंडनं पुस्तकात दिलेली नाहीत.

हिशेब बघणाऱ्या माणसाला या प्रयोगात जे भावतं ते म्हणजे त्याची मांडणी. जेवण, जागा आणि रोग हे तिन्ही स्तंभ सारखे ठेवायचे आणि एकच स्तंभ बदलायचा. मग बेरजेतला फरक कुठून आला, हे सांगायला पंडित लागत नाही. लिंडच्या आधी मोठमोठे वैद्य आपल्या औषधानं अमुक रोगी बरा झाला, असं सांगत. पण तोच रोगी दुसऱ्या औषधानं, किंवा कुठल्याच औषधाविना, बरा झाला नसता कशावरून, हा प्रश्न जहाजाच्या त्या कोंदट कोपऱ्यात विचारला गेला.

आणि तरीही पुढं जे झालं, ते चटका लावणारं आहे. लिंड १७४८मध्ये आरमारातून बाहेर पडला आणि १७५३ साली त्यानं स्कर्व्हीवरचा ग्रंथ एडिंबरोत छापला. अर्पण केला ॲन्सनला. चारशेहून अधिक पानांच्या त्या ग्रंथात या प्रयोगाला मिळाली आहेत जेमतेम काही पानं. बाकी भर आहे तो सिद्धान्तावर : दमट हवेनं त्वचेची रंध्रं बुजतात, घाम आत कोंडतो आणि शरीर नासतं. हातात आलेलं उत्तर लिंडला स्वतःलाच त्याच्या सिद्धान्तात नीट बसवता आलं नाही. लिंबू हे त्याच्या लेखी एक चांगलं औषध होतं. लिंबाच्या अभावानंच रोग होतो, हे त्यानं कधी म्हटलं नाही.

त्यात आणखी एक गोष्ट घडली. ताजी फळं जहाजावर टिकत नाहीत, म्हणून त्यानं लिंबांचा रस तासन्‌तास तापवून, आटवून बाटलीत भरण्याची युक्ती सुचवली. आज आपल्याला ठाऊक आहे, की उष्णतेनं क जीवनसत्त्व नष्ट होतं. आटवलेला रस दिलेले रोगी बरे होईनात, तेव्हा लोकांचा लिंबांवरचाच विश्वास उडाला. पुढं कॅप्टन कुकच्या सफरींनंतर लंडनमधल्या प्रतिष्ठित वैद्यांनी माल्टच्या काढ्याला उचलून धरलं. त्यात क जीवनसत्त्व जवळजवळ नसतंच.

हिंदुस्थानकडे

लिंडचं पुस्तक बाहेर पडल्याला वर्ष होतं न होतं तोच सॅलिसबरीला नवा हुकूम आला. हिंदुस्थानात फ्रेंच आणि इंग्रज कंपन्यांमध्ये चुरस वाढली होती. कंपनीच्या विनंतीवरून राजानं वॉटसनच्या हाताखाली एक तांडा पाठवला. निघताना त्यात ईगल आणि ब्रिस्टल ही जहाजंही होती. आयर्लंडच्या किनाऱ्यावर वादळात ती जायबंदी झाली आणि त्यांच्या जागी टायगर व कम्बरलंड आली. सॅलिसबरी मात्र सुरुवातीपासून तांड्यात होती. मादागास्करला ताजं अन्नपाणी घेऊन १७५४च्या सप्टेंबरात तांडा कोरोमंडल किनाऱ्याला लागला.

या सफरीची हकीकत वाचायला मिळते ती एडवर्ड आइव्ह्‌ज या केंट जहाजावरच्या शल्यवैद्याच्या पुस्तकात. १७७३ साली ते छापलं गेलं. विजयदुर्गाच्या लढाईचं वर्णन करणारा हा साक्षीदार पेशानं वैद्य होता, आणि स्कर्व्ही हा त्याचाही अभ्यासविषय होता. सायडरबद्दलच्या त्याच्या अनुभवांचा लिंडनं आपल्या ग्रंथात उपयोग केला आहे. म्हणजे विजयदुर्गावर चालून आलेल्या तांड्यात लिंबांचं जहाज होतं आणि लिंडचा एक साक्षीदारही होता. पण खलाशांच्या ठरलेल्या शिध्यात लिंबू नव्हतं. तो निर्णय लंडनमध्ये व्हायचा होता आणि लंडनला घाई नव्हती.

१७५५च्या नोव्हेंबरात तांडा मुंबईला आला. मुंबईत येण्याचं कारण साधं होतं. ईशान्येचे वारे सुरू झाले की मद्रासचा उघडा किनारा जहाजांना धोक्याचा होतो, आणि मोठी जहाजं दुरुस्त करण्याजोगी गोदी मुंबईत होती. १७५० साली तिथं सुकी गोदी बांधली गेली होती, आणि सुरतेहून आलेले लवजी नसरवानजी वाडिया तिथले मुख्य कारागीर होते.

घेरिया

इंग्रज विजयदुर्गाला घेरिया म्हणत. शेजारच्या गिर्ये गावावरून. या किल्ल्यानं त्यांना पूर्वी चांगलंच पाणी पाजलं होतं. कान्होजी आंग्र्यांच्या काळात १७२० साली कंपनीनं इथं चढाई केली आणि हात हलवत परत गेली. १७२१ साली पोर्तुगीजांना सोबत घेऊन, राजाच्या आरमाराच्या मदतीनं, कुलाब्यावर केलेली स्वारीही फसली.

कान्होजींच्या यशाचं गमक त्यांच्या जहाजांच्या आकारात नव्हतं. गुराबा आणि गलबतं उथळ पाण्यात शिरू शकत, वारा पडला तर वल्ह्यांनी चालत, आणि किल्ल्याच्या तोफांच्या छायेत परतत. जमीन, किल्ला आणि पाणी या तिन्हींचा मेळ हे त्यांचं बळ होतं. आणखी एक गोष्ट मला या जहाजाच्या नादानं सुचली. ही गलबतं किनारा सोडून महिनोन्‌महिने दूर जात नसत. आठ-पंधरा दिवसांनी बंदराला लागणाऱ्या माणसाला ताजी भाजी, चिंच, आमसूल मिळतंच. ज्या रोगानं इंग्रजी जहाजं पोखरली जात होती, तो कोकणच्या खलाशाच्या वाट्याला येण्याचं कारणच नव्हतं. उलट सॅलिसबरीसारखं जहाज त्या रोगाची किंमत मोजूनच इथवर पोचू शकत होतं.

कान्होजी १७२९मध्ये गेले आणि घराणं फुटलं. कुलाब्याला मानाजी, दक्षिणेला संभाजी आणि त्यांच्यामागून तुळाजी. पेशव्यांनी मानाजीची बाजू घेतली. तुळाजी शूर होते, पण पेशव्यांची सत्ता मानत नव्हते आणि पेशव्यांच्या प्रजेलाही त्यांचा उपद्रव होता. नानासाहेबांची तक्रार खोटी नव्हती, हे आधी मान्य केलं पाहिजे. प्रश्न आहे तो त्यांनी निवडलेल्या उपायाचा. १७५५च्या मार्चमध्ये त्यांचा कोकणचा सुभेदार रामाजी महादेव यानं मुंबईकर इंग्रजांशी करार केला आणि एप्रिलमध्ये जेम्सच्या तोफांनी सुवर्णदुर्ग पाडला. उरला विजयदुर्ग. नेमका त्याच वेळी वॉटसनचा तांडा मुंबईत येऊन उभा राहिला, आणि त्याच्यासोबत कर्नल रॉबर्ट क्लाइव्हचं सैन्यही.

७ फेब्रुवारीला जहाजं मुंबईहून निघाली. त्याआधीच मुंबईत एक बैठक झाली आणि किल्ल्यात सापडणारी लूट कशी वाटायची हे ठरलं. राजाचं आरमार, क्लाइव्हचं सैन्य, कंपनीचं आरमार, सगळ्यांचे वाटे ठरले. त्या वाटणीत पेशव्यांचं नाव नव्हतं. आणि किल्ल्याला जमिनीकडून वेढा घालून बसली होती ती पेशव्यांचीच फौज.

तुळाजी बोलणी करायला पेशव्यांच्या छावणीत गेले होते. वॉटसनला ही बोलणी सफल व्हायला नको होती. तह झाला तर लूट कुठली? १२ तारखेला दुपारी तोफा सुरू झाल्या. चार मोठी जहाजं किल्ल्याच्या उत्तर अंगाला रांगेनं उभी राहिली. आपण आधी पाहिलं, की एकट्या सॅलिसबरीच्या एका बाजूला खालच्या मजल्यावर २४ पौंडी अकरा तोफा होत्या, आणि ती चौघींत सर्वांत लहान. १७२० साली अशी जहाजं घेरियापुढं आली नव्हती. हा फरक निर्णायक ठरला.

तरीही लढाईचा निकाल लागला तो तटावर नव्हे, पाण्यात. संध्याकाळी चारच्या सुमारास एक तोफगोळा रिस्टोरेशन या जहाजावर पडला. ते मूळचं कंपनीचंच. १७४९ साली आंग्र्यांनी ते पकडलं होतं. तटाखाली आंग्र्यांची गुराबा-गलबतं एकमेकांना खेटून उभी होती. आग एकावरून दुसऱ्यावर गेली आणि रात्र व्हायच्या आत कान्होजींनी उभारलेल्या आरमाराचा दक्षिणेकडचा सगळा भाग जळून गेला. इंग्रजांची हानी अगदी थोडी झाली. क्लाइव्हचे लोक रात्रीच किनाऱ्यावर उतरून किल्ला आणि पेशव्यांची फौज यांच्या मधोमध जाऊन बसले, म्हणजे किल्ल्यात आधी पेशव्यांचं पाऊल पडू नये. १३ तारखेला संध्याकाळी किल्ल्यावर इंग्रजांचं निशाण चढलं.

आत सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज मिळाला आणि ठरल्याप्रमाणे वाटला गेला. सॅलिसबरीचा कप्तान थॉमस नोलर याला कप्तानाचा वाटा मिळाला, खलाशांना खलाशांचा. पेशव्यांना किल्लाही लगेच मिळाला नाही. त्यासाठी ऑक्टोबरपर्यंत पत्रापत्री करावी लागली आणि नवा तह करावा लागला; त्यात बाणकोट आणि आसपासची गावं इंग्रजांकडे पक्की झाली. तुळाजींचं उरलेलं आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेलं.

पेशव्यांनी आपल्या हातांनी आपलं आरमार बुडवलं, असं एक वाक्य आपल्याकडे रूढ आहे. मला ते पुरेसं वाटत नाही. बुडालेलं आरमार तुळाजींचं होतं आणि ते पेशव्यांच्या हुकमात नव्हतं, हे खरंच आहे. माझा आक्षेप वेगळा आहे. कान्होजींनी तीस वर्षांत जे शिकून ठेवलं होतं, म्हणजे परकी जहाजं किनाऱ्यापासून लांब कशी ठेवायची, ते ज्ञान पुण्याला नकोसं झालं. बंडखोर सरदाराला शिक्षा करताना त्याच्या हातातली विद्याही जळते आहे, याची खंत तेव्हाच्या व्यवहारात कुठं दिसत नाही. आणि मग मला तो लंडनमधला मख्खपणा आठवतो, जिथं सहा दिवसांत मिळालेलं उत्तर छापील पुस्तकात पडून होतं. दोन्हीकडचे लोक मूर्ख नव्हते. ज्याच्या हाताशी ज्ञान होतं त्याच्या हाती सत्ता नव्हती, आणि ज्याच्या हाती सत्ता होती त्याची नड दुसरीच होती.

शेवटची पाच वर्षं

विजयदुर्गानंतर सॅलिसबरी वॉटसनबरोबर बंगालला गेली. २३ मार्च १७५७ रोजी हुगळी नदीत फ्रेंचांच्या चंद्रनगरच्या किल्ल्यावर हल्ला झाला. पुढं टायगर, मध्ये केंट, मागं सॅलिसबरी अशी रचना ठरली होती. पण केंट नांगरासकट मागं सरकली आणि सॅलिसबरीच्या जागेवर येऊन थांबली. अरुंद नदीत सॅलिसबरीला पुढं यायला जागाच उरली नाही. टायगर आणि केंट यांच्या चिंधड्या झाल्या. सॅलिसबरीवरचे लोक केवळ या अपघातामुळे वाचले. त्याच वर्षी १६ ऑगस्टला वॉटसन कलकत्त्यात तापानं मेला.

त्याच्यानंतर आलेल्या पोकॉकच्या हाताखाली सॅलिसबरी फ्रेंच ॲडमिरल दाशे याच्याशी तीन लढाया लढली : एप्रिल १७५८मध्ये कडलूरजवळ, ऑगस्टमध्ये नागपट्टणजवळ आणि सप्टेंबर १७५९मध्ये पुदुच्चेरीजवळ. तिन्ही लढायांत निकाल नीट लागला नाही, पण शेवटी फ्रेंच आरमार निघून गेलं आणि हिंदुस्थानातला फ्रेंचांचा डाव त्याबरोबर संपला.

तोवर सॅलिसबरीही संपली होती. उष्ण समुद्रात लाकूड पोखरणारा एक किडा असतो. ओक लाकडाला तो आतून चाळणी करून टाकतो. त्यावर तांब्याचे पत्रे ठोकण्याचा पहिला प्रयोग इंग्रजांनी अलार्म नावाच्या जहाजावर केला तो १७६१ साली. त्याच साली एप्रिलमध्ये सॅलिसबरी मुंबईत निकामी ठरली. पंधरा वर्षांचं आयुष्य. त्यातली सात वर्षं इकडच्या पाण्यात.

लिंबू

सात वर्षांच्या त्या युद्धानंतर इंग्लंडमध्ये एक आकडेवारी छापून आली. आरमारात घेतलेली माणसं १,८४,८९९. लढाईत मेलेली १,५१२. रोगानं मेलेली किंवा बेपत्ता झालेली १,३३,७०८. बेपत्तांमध्ये पळून गेलेले पुष्कळ होते, हे गृहीत धरलं तरी हा ताळेबंद वाचवत नाही. हे सगळं लिंडचा प्रयोग झाल्यानंतरचं.

लिंबाला न्याय मिळाला तोही हिंदुस्थानच्या वाटेवर. १७९४मध्ये सफोक हे जहाज इंग्लंडहून निघालं आणि मध्ये कुठंही न थांबता तेवीस आठवड्यांनी मद्रासला लागलं. खलाशांना रोज थोडा लिंबाचा रस दिला जात होता, न आटवलेला. स्कर्व्हीनं एकही माणूस दगावला नाही. पुढच्या वर्षी, १७९५मध्ये, गिल्बर्ट ब्लेन या वैद्याच्या आग्रहामुळे आरमारानं लिंबाचा रस जहाजांना पुरवायचं ठरवलं. प्रयोगानंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी. लिंड १७९४मध्येच वारला होता. लिंबात नेमकं काय आहे, हे कळायला विसावं शतक उजाडावं लागलं. क जीवनसत्त्वावरच्या कामासाठी सेंट-ज्यॉर्जी यांना नोबेल मिळालं ते १९३७ साली.

सॅलिसबरीचा हिशेब मांडायचा झाला तर जमेला काय आणि खर्ची काय, हे ज्याच्या त्याच्या वहीवर अवलंबून आहे. खलाशांच्या वहीत ते जहाज जमेच्या बाजूला येईल, आंग्र्यांच्या वहीत खर्चाच्या. मला मात्र त्या जहाजावरचा एक माणूस सारखा आठवत राहतो. सहा दिवस रोज दोन संत्री आणि एक लिंबू खाऊन तो उभा राहिला, आणि लिंडनं त्याला उरलेल्या दहा जणांच्या सेवेला लावलं. फळं तर संपली होती. समुद्राचं पाणी, शिर्का आणि गंधकाम्ल पिणाऱ्या त्या माणसांना भरवायला तो रोज जात असेल. आपण कशानं बरे झालो, हे जहाजावर त्याच्याइतकं स्वच्छ कुणालाच ठाऊक नसेल. पण तो साधा खलाशी. त्याला कोण विचारणार?